हिंदी चित्रपटगीतांत जॅझ आणणारे सी. रामचंद्र

हिंदी चित्रपटसंगीतात जॅझ, रुंबा आणि सांबा या पाश्चात्य नृत्यलयींना घराघरांत पोहोचविणारे संगीतकार म्हणून ज्यांचे नाव प्रथम घेतले जाते, ते सी. रामचंद्र जन्माने आणि शिक्षणाने पूर्णपणे मराठी होते. रामचंद्र नरहर चितळकर हे त्यांचे मूळ नाव. १२ जानेवारी १९१८ रोजी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे त्यांचा जन्म झाला. गोदावरीकाठचे हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते चांगदेवांच्या समाधीमुळे. या गावच्या मुलाने पुढे ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि बोंगो यांच्या साथीने देशाला नाचायला लावावे, हा योगायोग खराच. परंतु त्यामागे बरीच वर्षे शिस्तीचे शिक्षण होते.

हे शिक्षण हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताचे होते. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे शिष्य पं. विनायकबुवा पटवर्धन यांच्या पुण्यातील गांधर्व महाविद्यालयात चितळकर शिकले. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडेही त्यांनी धडे घेतले. ख्याल, तराणा, नाट्यपद आणि भावगीत या त्या काळच्या मराठी मध्यमवर्गाच्या सांगीतिक आवडी होत्या, आणि चितळकरांच्या गळ्यावर त्यांचेच संस्कार झाले. पुढे त्यांच्यावर पाश्चात्य सुरावटी उचलल्याचा आरोप अनेकदा झाला. तो करणाऱ्यांना या पायाभरणीचा सहसा विसर पडतो.

चित्रपटात ते आले नायक होण्यासाठी. वाय. व्ही. राव यांच्या १९३५ मधील 'नागानंद' या चित्रपटात त्यांना प्रमुख भूमिका मिळाली. चित्रपट चालला नाही. त्यानंतर सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये त्यांनी किरकोळ भूमिका केल्या आणि अखेर पेटी जवळ केली. तेथील संगीतकार बुंदू खाँ आणि हबीब खाँ यांच्या हाताखाली ते हार्मोनियम वाजवू लागले. (याच मिनर्व्हाने पुढे १९५३ मध्ये 'झाँसी की रानी' हा भव्य रंगीत चित्रपट काढला. त्याचे संगीत मात्र वसंत देसाई या दुसऱ्या मराठी संगीतकाराचे होते.) स्वतंत्र संगीतकार म्हणून चितळकरांना पहिली संधी मिळाली ती तमिळ चित्रपटांत.

हिंदीत त्यांना आणले ते मास्टर भगवान यांनी. भगवान आबाजी पालव हे मुंबईच्या कामगार वस्तीत वाढलेले, कसरती आणि मारामारीच्या स्वस्त चित्रपटांचे नायक-दिग्दर्शक. त्यांच्या १९४२ मधील 'सुखी जीवन'ला चितळकरांनी संगीत दिले. या काळात त्यांनी नावेही अनेक वापरली. काही चित्रपटांवर राम चितळकर, काहींवर अण्णासाहेब, तर एका ठिकाणी श्यामू. गायक म्हणून ते शेवटपर्यंत नुसते 'चितळकर' राहिले. त्यामुळे कित्येक श्रोत्यांना गाणारे चितळकर आणि चाल देणारे सी. रामचंद्र हे एकच गृहस्थ आहेत, हे बऱ्याच उशिरा समजले.

नृत्यगृहातून ध्वनिमुद्रणाकडे

चितळकर ज्या मुंबईत धडपडत होते, त्या मुंबईत दोन संगीते शेजारी शेजारी नांदत होती आणि त्यांची परस्परांशी ओळख नव्हती. गिरगाव-दादरच्या सभागृहांत बैठकी रंगत, आणि अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजे. लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा वृंद १९३५ मध्ये 'ताज'मध्ये आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड हे वादक येथे दीर्घकाळ राहिले. वेदरफोर्ड यांचे तर १९४५ मध्ये कलकत्त्यात निधन झाले. वर्णभेदामुळे मायदेशी दारे बंद असलेल्या या कलावंतांकडून गोव्याचे वादक जॅझ शिकले.

गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांमध्ये मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्य स्वरलेखन शिकविले जाई. त्या बळावर गोमंतकीय तरुण ब्रिटिश हिंदुस्थानभर वाद्यवृंदांत नोकरी करीत. त्यांचे श्रोते केवळ मुंबई-कलकत्त्याचे साहेब नव्हते. रेल्वेने वसविलेल्या वसाहतींमध्ये अँग्लो-इंडियन कुटुंबांची मोठी वस्ती असे आणि तेथील रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नृत्याचे कार्यक्रम होत. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे झाशी हे असेच एक प्रमुख जंक्शन. राणी लक्ष्मीबाईंची आणि नेवाळकरांची म्हणून मराठी माणूस ज्या झाशीला ओळखतो, तिच्याच एका भागात कारखाना, लोको शेड आणि रेल्वेचे बंगले होते. फॉक्सट्रॉट आणि वॉल्ट्झ हे शब्द तेथील लोकांना परके नव्हते. मुंबईहून दिल्लीकडे जाणारी पंजाब मेल याच मार्गाने जाई. भुसावळचे चित्र फारसे वेगळे नव्हते. मुंबईच्या चित्रपटात वाजणारा ट्रम्पेट देशाच्या अंतर्भागातील छोट्या शहरांना अगदीच अनोळखी वाटला नाही, याचे एक कारण या वसाहतींत शोधता येते.

या गोमंतकीय वादकांपैकी सर्वांत नावाजलेले म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट. १९१६ मध्ये बार्देशातील हळदोणे येथे जन्मलेल्या या ट्रम्पेटवादकाला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाई. 'ताज'मध्ये त्यांचा 'म्युझिक मेकर्स' हा वृंद वाजवीत असे. स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. इंग्रज गेले, संस्थानिकांचा थाट ओसरला आणि मुंबई प्रांतात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. रात्रीच्या क्लबांचे उत्पन्न घटले. वादकांना दुसरीकडे पोट भरणे भाग होते. नेमक्या त्याच वेळी चित्रपटांचे वाद्यवृंद मोठे होत होते. चिक चॉकलेट दिवसा ध्वनिमुद्रण आणि रात्री हॉटेल असा दिनक्रम सांभाळू लागले आणि सी. रामचंद्र यांचे सहायक झाले. जॉन गोम्स हेही त्यांचे असेच एक सहायक.

कामाची पद्धत ठरलेली होती. संगीतकार पेटीवर चाल बांधी. ती सरगममध्ये त्याच्या मनात असे किंवा वहीत टिपलेली असे. सहायक ती पाश्चात्य स्वरलेखनात उतरवून घेई, तिच्याखाली स्वरसंवाद रचे आणि प्रत्येक वादकाचा कागद स्वतंत्रपणे लिहून काढी. हिंदुस्थानी चाल ही एकाच रेषेत चालणारी गोष्ट आहे. जॅझमध्ये त्या रेषेखाली अनेक स्वर एकाच वेळी उभे राहतात. हे दोन्ही एकमेकांना न चिरडता बसविणे सोपे नव्हते. तालाच्या बाबतीत मात्र दैव अनुकूल होते. आठ मात्रांचा केरवा आणि चार ठोक्यांचा फॉक्सट्रॉट सहज हातात हात घालून चालतात. ढोलक आणि ड्रम यांचे भांडण झालेच नाही.

मूळ जॅझमधील एक गोष्ट मात्र मागे राहिली. जॅझचा प्राण उत्स्फूर्त विस्तारात असतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. त्यात मुखडा, अंतरे आणि शब्द बसवायचे म्हणजे ट्रम्पेटला मिळणार ते दोन कडव्यांमधील काही क्षण, आणि तेही आधी लिहून ठेवलेले. रात्री हॉटेलात मनमुराद वाजविणारा वादक सकाळी स्टुडिओत चार ओळींचा नोकर होई. या चार ओळींत काय करता येते, हे सी. रामचंद्र यांच्या गाण्यांमधील मधल्या तुकड्यांत ऐकायला मिळते.

रिओहून आलेली चाल

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, फिल्मिस्तानचा 'शहनाई' प्रदर्शित झाला. प्यारेलाल संतोषी यांनी लिहिलेले रविवारच्या भेटीचे गाणे चितळकर, मीना कपूर आणि शमशाद बेगम यांनी गायिले. विलायती रीतीच्या नायकाने आमिषे दाखवावीत आणि देशी नायिकेने त्याला धुडकावून लावावे, असा त्यातील गमतीचा झगडा. हिंदी शब्दांत इंग्रजी शब्द मिसळलेले आणि चालही तशीच. गाणे अफाट लोकप्रिय झाले आणि त्यावर अभिरुचिहीनतेची टीकाही तितकीच झाली. दोन वर्षांनी 'पतंगा'मधील रंगूनच्या टेलिफोनचे गाणे आले आणि सी. रामचंद्र ही विनोदी, चटकदार गाण्यांची हमी झाली.

सन १९५० मधील 'समाधी' हे या वाटचालीतील सर्वांत विलक्षण उदाहरण म्हणावे लागेल. चित्रपटाची पार्श्वभूमी आझाद हिंद सेनेची; दिग्दर्शक रमेश सैगल; भूमिका अशोककुमार आणि नलिनी जयवंत यांच्या. त्यातील 'गोरे गोरे' हे लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांचे द्वंद्वगीत मात्र थेट दक्षिण अमेरिकेच्या वळणाचे. त्याची चाल 'डॉल फेस' या १९४५ मधील हॉलिवूडपटातील एका गाण्यावरून घेतलेली आहे. ते गाणे जिमी मॅकह्यू यांनी रचले आणि पडद्यावर कार्मेन मिरांडा यांनी गायिले. मिरांडा यांचा जन्म पोर्तुगालचा, परंतु त्या वाढल्या रिओ द जानेरोत आणि सांबा गाऊन ब्राझीलमध्ये कीर्तिमान झाल्या. डोक्यावर फळांची परडी घेऊन नाचणारी नर्तकी ही त्यांची हॉलिवूडने घडविलेली प्रतिमा. त्या प्रतिमेबद्दल ब्राझीलमध्ये त्यांना बोल ऐकावे लागले. आपली कला परक्यांच्या करमणुकीसाठी पातळ केली, असा तो आक्षेप होता. गंमत अशी की मुंबईत सी. रामचंद्र यांच्यावर नेमका उलट्या दिशेने तोच आरोप होत होता.

उसनवारी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन्ही गाणी लागोपाठ ऐकली तर फरक लक्षात येतो. मूळ गाणे शब्दांच्या झटक्यांवर चालते. 'समाधी'तील गाण्यात तीच लय दोन सख्यांच्या प्रश्नोत्तरांत विभागली आहे, आणि अमीरबाईंच्या भरदार आवाजाला लताबाईंचा कोवळा आवाज उत्तर देतो. ही विभागणी मराठी कानांना नाट्यसंगीतातल्या आणि लोकगीतांतल्या सवालजबाबांची आठवण करून देणारी आहे. बोंगो आणि माराकस ही वाद्ये या काळात हिंदी गाण्यांत रुळली. त्यात कावस लॉर्ड या पारशी तालवादकाचा वाटा मोठा मानला जातो.

पुढच्याच वर्षी आला 'अलबेला'. मास्टर भगवान यांचे दिग्दर्शन आणि नायकही तेच; नायिका गीता बाली. गाणी राजेंद्रकृष्ण यांची. दहा वर्षे हातघाईचे चित्रपट काढणाऱ्या भगवान यांनी आपली सारी पुंजी या सामाजिक, संगीतप्रधान चित्रपटात ओतली होती. तो पडला असता तर भगवान आणि त्यांचे स्नेही संगीतकार दोघेही मागे फेकले गेले असते. चित्रपट गाजला तो मुख्यतः गाण्यांवर. त्यातील 'शोला जो भडके' या नृत्यगीतात झालरींच्या बाह्यांचे क्युबन धाटणीचे सदरे घातलेला जो वाद्यवृंद पडद्यावर दिसतो, तो खराखुरा चिक चॉकलेट आणि त्यांचे सहकारी. पडद्यामागच्या माणसांना पडद्यावर आणण्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. त्याच चित्रपटात लताबाईंनी गायिलेले अंगाईगीत आहे. ते इतके हळुवार आणि इतके देशी आहे की दोन्ही चाली एकाच माणसाच्या आहेत यावर विश्वास ठेवणे जड जाते.

आकाशवाणी आणि चित्रपटगीते

या यशाच्या ऐन मध्यावर सरकारचे धोरण आडवे आले. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. केसकरही मराठी, संगीताचे जाणकार, आणि शास्त्रीय संगीताला राष्ट्रीय व्यासपीठ मिळावे याविषयी आग्रही. आकाशवाणीवरील संगीताची राष्ट्रीय सभा आणि संगीत संमेलने त्यांच्याच कारकिर्दीतील. चित्रपटगीतांविषयी मात्र त्यांचे मत प्रतिकूल होते. पाश्चात्य सुरावटींची नक्कल करणारी गाणी श्रोत्यांची अभिरुची बिघडवितात, अशी त्यांची धारणा होती. निर्बंध आले, निर्मात्यांशी वाद झाला आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली.

श्रोते मात्र गाण्यांच्या मागे गेले. डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि दर आठवड्याला लाखो रेडिओ संचांचे काटे कोलंबोकडे वळू लागले. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, आकाशवाणीने विविध भारती सुरू करून चित्रपटगीतांना पुन्हा दार उघडले. एक मराठी मंत्री आणि एक मराठी संगीतकार या वादाच्या दोन टोकांना उभे होते, आणि दोघेही विष्णु दिगंबरांच्या परंपरेला मानणारे होते, ही बाब फारशी कोणी नोंदविलेली दिसत नाही.

केसकरांचा आक्षेप सर्वस्वी खोटा होता असे म्हणता येत नाही. सुमार नकला त्या काळी पुष्कळ झाल्या. परंतु सी. रामचंद्र यांच्यापुरते उत्तर १९५३ च्या 'अनारकली'ने दिले. भीमपलासीच्या आधारावर बांधलेल्या त्यातील गीताने त्यांच्यावरचा 'फक्त उडत्या चालींचा संगीतकार' हा शिक्का पुसला. दोन वर्षांनी 'आझाद' आला. दाक्षिणात्य निर्मात्याला गाणी अत्यंत कमी वेळात हवी होती, आणि नौशाद यांनी अशा घाईत काम करण्यास नकार दिल्यावर ते सी. रामचंद्र यांच्याकडे आले, असे सांगितले जाते. गाणी वेळेत झाली आणि चाललीही. जलद काम करणे हा त्यांचा गुण होता. तोच काही वेळा दोषही ठरला. घाईत केलेल्या, एकमेकांसारख्या चाली त्यांच्या यादीत कमी नाहीत.

१९५७ मध्ये एम. व्ही. रामन यांच्या 'आशा'साठी 'ईना मीना डीका' तयार झाले. रॉक अँड रोल अमेरिकेतून जगभर पसरत होता आणि मुंबईला त्याची चाहूल लागली होती. संगीतकक्षाबाहेर खेळणाऱ्या मुलांच्या मोजणीच्या बडबडीवरून मुखडा सुचला, आणि त्यात जॉन गोम्स यांनी 'मला नको' या अर्थाचे कोकणी शब्द घातले, अशी कथा चित्रपटसृष्टीत रूढ आहे. अर्थहीन समजले जाणारे हे गाणे कोकणी जाणणाऱ्यास पूर्णपणे अर्थहीन नाही. किशोरकुमार आणि आशा भोसले यांनी ते स्वतंत्रपणे गायिले. किशोरकुमार यांची आवृत्ती अधिक प्रसिद्ध. परंतु आशाबाईंची आवृत्ती मुद्दाम शोधून ऐकण्यासारखी आहे. तिच्यातील श्वासाचे आघात आणि शब्द मागे खेचण्याची लकब जॅझ गायिकांच्या जवळ जाणारी आहे.

उत्तरकाळ

व्ही. शांताराम यांच्या १९५९ मधील 'नवरंग'मध्ये सी. रामचंद्र पुन्हा मराठी रंगभूमीच्या आणि लोकसंगीताच्या वळणावर आले. त्यानंतर उतार लागला. लता मंगेशकर यांच्याशी दुरावा निर्माण झाल्याने त्यांच्या चालींचा मुख्य आवाज हरपला. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांनी मोठ्या वाद्यवृंदाचे तंत्र आपापल्या पद्धतीने पुढे नेले होते, आणि सी. रामचंद्र यांनी दहा वर्षांपूर्वी केलेले प्रयोग आता सर्वांचेच झाले होते. चीन युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी कवी प्रदीप यांचे हुतात्म्यांना आदरांजली वाहणारे गीत गायिले. त्याची चाल सी. रामचंद्र यांची होती. देशाने त्यांना त्यानंतर याच एका गीतासाठी प्रामुख्याने ओळखले. बोंगो-ट्रम्पेटचा संगीतकार इतिहासात जमा झाला तो एका संथ, करुण रचनेमुळे.

अखेरच्या काळात ते मराठीकडे वळले. ग. दि. माडगूळकर यांच्या 'गीत गोपाल'ला त्यांनी चाली दिल्या आणि ती गीते स्वतः गायिली. 'धनंजय' (१९६६) आणि 'घरकुल' (१९७०) हे मराठी चित्रपट त्यांनी काढले. 'घरकुल'ची गाणी मराठी श्रोत्यांच्या आजही ओठांवर आहेत. तीत पाश्चात्य स्वरसंवाद इतक्या बेमालूमपणे मुरलेला आहे की तो जाणवतही नाही. १९७७ मध्ये 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यातील मोकळेपणाने काही जण दुखावले गेले.

५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सी. रामचंद्र यांचे निधन झाले. चौसष्टावा वाढदिवस एका आठवड्यावर आला होता. मास्टर भगवान त्यांच्यानंतर वीस वर्षे जगले. 'अलबेला'ची कमाई नंतरच्या अपयशी चित्रपटांत घालवून दादरच्या चाळीतील खोलीत राहिलेल्या या नायकाचे २००२ मध्ये निधन झाले. चिक चॉकलेट मात्र दोघांच्या आधी, १९६७ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी गेले होते. 'नादान' (१९५१) यांसारख्या मोजक्या चित्रपटांना स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांचे नाव लागले. बाकी शेकडो गाण्यांत त्यांचा ट्रम्पेट ऐकू येतो, नाव येत नाही. 'अलबेला'तील त्या नृत्यात, झालरीच्या सदऱ्यातील जे वादक त्यांच्या भोवती उभे दिसतात, त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही श्रेयनामावलीत नाहीत.